वासाची आणेवारी

मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, मोहाडीच्या तहसील कार्यालयात मोहफुलांच्या एका कारखान्याविरुद्धच्या तक्रारीची सुनावणी झाली. तीत तक्रारदाराने स्वतःच्याच घराविरुद्ध पुरावा सादर केला. पुरावा म्हणजे एक शंभर पानी वही होती. तिची ऐंशी पाने भरली होती आणि सगळे अक्षर त्यांचेच होते.

तक्रारदार कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, विणकर. वय सत्तरीच्या पुढे. आंधळगावातल्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना काकाजी म्हणतात. मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. नागपूरच्या एका दैनिकात अकरा वर्षे उपसंपादक होतो, सहा वर्षांपूर्वी गावी परतलो आणि त्याच दैनिकाचा वार्ताहर झालो. त्यांच्याविषयी इथे जे लिहितो, त्यातले बहुतेक मी स्वतः पाहिलेले आहे. जे ऐकलेले आहे, तिथे तसे म्हटले आहे. मला त्यांचा हेवा वाटत असे, हेही सुरुवातीलाच नोंदवतो, कारण पुढच्या घटनाक्रमाशी त्याचा संबंध आहे.

कारखाना गल्लीच्या पश्चिमेला, शेवटच्या घरापासून दोन बांध्या, म्हणजे भाताची दोन खाचरे, सोडून आहे. त्याला परवाना होता. तिथे मोहफुले भिजवून आंबवतात आणि त्यांचा अर्क काढतात. आंबवलेल्या पाण्याला सडवा म्हणतात. पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांत हा शब्द मी कितीदा तरी लिहिला होता. कायदेशीर सडवा मी पहिल्यांदाच पाहत होतो. अर्क काढून उरलेला चोथा कारखान्यामागच्या उघड्या खड्ड्यात टाकत.

ताज्या मोहफुलाचा वास आमच्याकडे कुणालाच नकोसा नाही. चैत्रात बाया उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन वेचायला जातात आणि आठ वाजेपर्यंत तो वास घराघरांत येतो. खड्ड्यातल्या चोथ्याचा वास निराळा होता. तो आंबट, गोडसर होता आणि जेवताना घासाबरोबर आत जात असे. कारखाना सुरू झाला त्या पहिल्या महिन्यात गल्लीतल्या पिणाऱ्यांनी विनोद केले. एक जण म्हणे, आता कुठे जायची गरज नाही, खिडकी उघडली का चढते. उन्हाळा तापला तेव्हा हे विनोद थांबले. मुले दुपारचे जेवण टाकू लागली. काकाजींच्या घरी काकी डोक्याला पदर आवळून बसू लागल्या. त्याच वैशाखात काकाजींनी वासाची वही सुरू केली.

त्यांचा सकाळचा क्रम मी माझ्या ओट्यावरून जवळजवळ दोन वर्षे पाहिला. पाच वाजता उठत. चूळ भरत, चहा घेत नसत. तंबाखू-सुपारीचा खर्राही खात नसत. सकाळी खर्रा न खाता गल्लीबाहेर पडणारे बहुधा ते एकटेच होते. सायकलने गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीपर्यंत जात, तिथे पाण्याकडे तोंड करून पाव तास बसत आणि परत येत. गल्लीच्या तोंडाशी उतरून सायकल हाताने धरून चालू लागत. दहा पावले मोजत आणि थांबत. उजव्या हाताच्या कोपराची आतली बाजू नाकाशी धरून एकदा हुंगत, मग मान वर करून हवा हुंगत. अंगणात त्यांनी एक बांबू रोवला होता आणि त्याच्या टोकाला कोशाचा एक कच्चा धागा बांधला होता. धागा कुठे झुकतो ते पाहून वारा ठरवत. त्यानंतर वही उघडत आणि वही मिटल्यावर खर्रा काढत.

बोडीपर्यंत जायचे कारण मी एकदा विचारले होते.

"बाहेरून आल्यावर पयले दहा पावलं नाक खरं बोलते, बाबू," ते म्हणाले. "मंग ते घरचं होते."

"आणि कोपर?"

"तिथं आपलाच वास असते. आपला वास आपल्याले येत नाई. म्हणून तिथं शून्य."

नोंद एका ओळीची असे. वेळ, वारा, वास कशाचा, किती. एका पानावर सात नोंदी, म्हणजे एक आठवडा. 'किती' हे ते आण्यांत लिहीत. पिकाची आणेवारी निघते तशी त्यांनी वासाची काढली होती. सोळा आणे म्हणजे पूर्ण वास, त्याच्यावर काही नाही. चार आण्यांपर्यंत फक्त कळतो. आठ आण्यांना घास थांबतो. बारा आण्यांना झोपलेला माणूस कूस बदलतो. ही पट्टी त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती आणि नंतर तिच्यात एकदाही बदल केला नाही. वास नसला तर 'वास नाही' असे लिहीत. ओळ कोरी सोडत नसत.

माझ्या पहिल्या बातमीचा मथळा 'उग्र दर्पाने नागरिक हैराण' असा होता. ती सातव्या पानावर एक कॉलम आली. काकाजी पेपर घेऊन आमच्या ओट्यावर आले आणि उग्र म्हणजे किती आणे, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, बातमीत आणे लिहीत नाहीत. दुसऱ्या बातमीत मी 'असह्य दुर्गंधी' लिहिले. तेव्हा ते चहा पीत बसले होते. त्यांनी कपाकडे पाहिले.

"असह्य असती त मी इथं बसून चाय पिऊन राहिलो असतो का?"

त्या दिवशी त्यांच्या वहीत सात आणे होते. ही बातमीही सातव्या पानावरच आली.

पावसाळा संपेपर्यंत गल्ली आण्यांत बोलू लागली होती. खिडक्या लावायच्या की नाही हे ठरवायला बायका काकाजींच्या फाटकाशी येत. माझी बायकोही जात असे. मी वार्ताहर, समोरच्या घरात राहणारा, दोनदा कारखान्यात जाऊन आलेला. ती मला विचारत नसे. परत येऊन सांगे, "आज नऊ हाये म्हणते. वाळवण आत घ्या." शाळेतली पोरे एकमेकांच्या डब्याचे आणे काढत. अकरा वर्षांच्या नोकरीत आणि नंतरच्या वर्षांत मी लिहिलेला एकही शब्द कुणाच्या तोंडी बसला नव्हता. काकाजी सातवी शिकलेले होते.

त्यांचे नाक कारखान्याच्या आधीपासून प्रसिद्ध होते. एका लग्नाच्या पंगतीत भात वाढणाऱ्याला थांबवून त्यांनी विचारले होते की नवा आणि जुना तांदूळ एकाच गंजात, म्हणजे पातेल्यात, का शिजवला. यजमान नाही म्हणाले. आचाऱ्याने नंतर कबूल केले की जुना कमी पडला होता. हे मी ऐकलेले आहे. पुढचे पाहिलेले आहे. नागपूरकडचा एक व्यापारी शुद्ध कोशाच्या म्हणून सुताच्या लड्या घेऊन आला होता. काकाजींनी एक लडी नाकाशी धरली आणि परत दिली.

"यात कोसा नाई जी. याले फकत कोशाची संगत लागली हाये."

व्यापाऱ्याने रागाने त्यातला धागा काढून जाळला. कोसा जळाला तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरते. तो धागा वितळून थेंबासारखा खाली पडला. व्यापाऱ्याने पाणी मागितले.

मी घरामागे जुने पेपर जाळत असे. वार्ताहराच्या घरी रद्दी फार साठते आणि तिला वाळवी लागते. एकदा सकाळी बोडीवरून येऊन ते सरळ आमच्या परसात आले आणि म्हणाले, आज पेपर जाळला तू, त्यातले रंगीत पान ओले होते. पान ओले होते हे खरे होते. मी हसलो. ते हसले नाहीत, घरी गेले.

पुढच्या फाल्गुनात गल्लीने मोर्चा काढला. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला तक्रारीसाठी केलेल्या समितीचा अध्यक्ष केले होते. मोर्चा कारखान्याच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथे मी फोटो काढला. अध्यक्षांनी सगळ्यांना नाकाला पदर, रुमाल लावायला सांगितले. तीसेक माणसांनी लावले. काकाजी पहिल्या रांगेत होते आणि त्यांचे हात खाली होते. मी त्यांना नाक दाबायला सांगितले.

"आज वारा उगवतीचा हाये, वास तिकडे जाऊन राहिला," ते म्हणाले. "नाक कायले दाबू?"

अध्यक्ष त्यांच्यावर चिडले. मी तसाच फोटो काढला आणि पाठवला. तीस माणसे नाक दाबून उभी आणि मध्ये एक म्हातारा मोकळ्या नाकाने सरळ समोर पाहतो आहे. संध्याकाळी संपादकांचा फोन आला. मोर्चाविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. मधला माणूस कोण, एवढेच विचारले. मी सांगितले. वहीचेही सांगावे लागले. चौथ्या दिवशी नागपूरहून विशेष प्रतिनिधी आला, दोन तास काकाजींच्या ओट्यावर बसला, बांबूवरच्या धाग्याचा फोटो काढला आणि गेला. रविवारी पहिल्या पानावर सहा कॉलम आले. त्यावर नाव त्याचे होते. माझे नाव फोटोखालीही नव्हते. माझ्या अकरा वर्षांत आणि नंतर पहिले पान मला दोनदा मिळाले आहे, दोन्ही वेळा अपघातासाठी.

कारखान्याला उत्तर द्यावे लागले. तिथला व्यवस्थापक तिशीतला, गोड बोलणारा माणूस होता. तो गल्लीत आला, काकाजींच्या पाया पडला आणि जाताना अध्यक्षांच्या दुकानात म्हणाला, "भाऊ, वास तर तुमच्या गल्लीचा पण येतो. कोसे उकडता ना तुम्ही लोक?"

अध्यक्षांना ते मनापासून खोटे वाटले. "कोशाले कुठं वास असते?" असे त्यांनी मला नंतर तीन वेळा सांगितले. ते स्वतः विणकराच्या घरातले. गल्लीतले सगळेच तसे. कोसा सोडा घातलेल्या पाण्यात उकडावा लागतो, तेव्हा त्याचा धागा सुटतो. आतला किडाही उकडतो. बाहेरचा पाहुणा अशा घरात चहाचा कप हातात घेऊन बसून राहतो, पीत नाही. आमच्यापैकी कुणालाही तो वास येत नाही. मलाही येत नाही. नागपूरहून सुटीत घरी येई तेव्हा पहिल्या संध्याकाळी येत असे, दुसऱ्या दिवशी नसे.

त्या वेळी गल्लीत कोसे उकडणारे एकच घर उरले होते. ते काकाजींचे. काकी महिन्यातून एकदा पहाटे परसातल्या चुलीवर मोठा गंज चढवत, मग महिनाभर उकडलेल्या कोशांतून मांडीवर धागा काढत. त्या धाग्यावर काकाजींचा हातमाग चाले. बाजारातले सूत ते मागावर चढवत नसत. चूल बंद झाली तर काकींचे हात थांबणार आणि काकींचे हात थांबले तर माग थांबणार, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होते. मुले नाहीत. घरात दोघे आणि तो माग.

आश्विनात सुनावणीची नोटीस आली. समितीची बैठक मारुतीच्या देवळात झाली. तक्रार काकाजींच्या नावाने होती आणि पुरावा म्हणून वही द्यायचे ठरले. तेव्हा काकाजींनी सांगितले की वहीत कोसा पण आहे.

कुणाला समजले नाही. त्यांनी पान उघडून दाखवले. 'सहा पाच. वारा नाही. कोसा, आपले घर. आठ आणे.'

अध्यक्ष म्हणाले, हे कायले लिवलं काकाजी.

"वास आला, लिवला."

"पण आपला हाये ना तो."

"वहीत किती आला ते लिवाचं असते. कोणाचा हाये ते पाहून कमी-जास्त कराचं नसते."

अर्धा तास चर्चा झाली. हे पान कारखान्याच्या हाती पडले तर पहिली चूल काकींची बंद होईल, हे सगळ्यांनी आळीपाळीने सांगितले. काकाजी ऐकत होते. त्यांना ते माहीत होते. काकींनाही माहीत होते. त्या बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारले, "कितीक आणे लिवले मले?"

"आठ. कधी नऊ."

"पन्नास वर्षं झाले उकडून राहिली, कोणी सांगितलं नाई," काकी म्हणाल्या. "लिवा बापा. खोटं थोडीच हाये."

बायका हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. शेवटी असे ठरले की वही गिचमिड आहे या कारणाने तिची साफ प्रत सादर करायची आणि तीत फक्त मोहाच्या नोंदी घ्यायच्या. काकाजी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. साफ प्रत करण्याचे काम माझ्याकडे आले, कारण माझे अक्षर चांगले आहे.

वही तीन दिवस माझ्याकडे होती. काकाजी रोज सकाळी बोडीवरून परत येऊन आमच्या ओट्यावर त्या दिवसाची ओळ लिहून जात. मी वही शेवटपर्यंत वाचली. उतरवण्यासाठी एवढी वाचायची गरज नव्हती. मी चूक शोधत होतो. माझ्याकडच्या जुन्या अंकांतले हवामान लावून पाहिले. कारखाना बंद असलेल्या दिवसांची यादी मी बातम्यांसाठी ठेवली होती, ती लावून पाहिली. त्या प्रत्येक दिवशी वहीत 'वास नाही' होते, किंवा आदल्या दिवसाचा उरलेला एक आणा. ज्या दिवशी मी 'असह्य' लिहिले होते, त्या दिवशी सातच होते. चूक सापडली नाही. प्रत चाळिसाव्या पानापर्यंत झाली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ती बाजूला ठेवली आणि बातमी लिहिली.

'तक्रारदाराच्या वहीत कोशाच्याही सतरा नोंदी' असा तिचा मथळा होता. चार परिच्छेद. सुनावणी कधी आहे, वही कुणाची, तीत कोशाच्या किती नोंदी, सर्वाधिक किती आणे. आरोप नव्हता. विशेषणही नव्हते. मी लिहिलेली ती पहिली बातमी असेल जीत काकाजींना हटकण्यासारखा शब्द नव्हता. माहिती दडवणे मला मान्य नाही, असे मी बायकोला सांगितले. ती तांदूळ निवडत होती.

"मंग सगळंच लिवलं ना?" तिने विचारले.

मी हो म्हणालो.

बातमी तिसऱ्या पानावर तीन कॉलम आली. सकाळी आठपर्यंत अध्यक्ष येऊन गेले होते. ते जे बोलले त्यात नवे काही नव्हते आणि ते इथे देण्याची गरज नाही. जाताना त्यांनी अर्धवट साफ प्रत उचलून नेली. गल्लीतल्या दोन घरांनी आमच्याकडचा पेपर वाचायला नेणे बंद केले. कारखान्याच्या व्यवस्थापकाने मला फोन करून अभिनंदन केले.

काकाजी साडेआठला आले. एका हातात पेपर होता. मी वही परत देण्यासाठी काढून ठेवली होती, ती त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. खुर्ची दिली, बसले नाहीत.

"बातमी बराबर हाये, बाबू. आकडा चुकला. सतरा नाई, एकोणीस."

मी म्हणालो, मी दोनदा मोजले.

त्यांनी वही उघडून दोन पाने दाखवली. त्या दोन्ही सकाळी मोहही होता आणि कोसाही. दोन्ही त्यांनी एकाच ओळीत लिहिले होते.

"तू कोशाच्या ओळी मोजल्या," ते म्हणाले. "वास नाई मोजले."

मी म्हणालो, काकाजी, ही बातमी मला छापावीच लागली.

"छापू नोको असं मी म्हणलो का? दुरुस्ती छाप."

दुरुस्ती पाचव्या पानावर दोन ओळींत आली. माझ्या नावावरच्या मजकुराला छापावी लागलेली ती एकमेव दुरुस्ती आहे.

सुनावणीला मी वार्ताहर म्हणून हजर होतो. व्यवस्थापकाने माझ्या बातमीचे कात्रण प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणले होते. ते त्याने अधिकाऱ्यांपुढे ठेवले. अध्यक्ष साफ प्रत घेऊन उभे राहिले. बाकीची अर्धी त्यांनी काकाजींकडून वही मागून आणून आपल्या मुलीकडून लिहवून घेतली होती. ते बोलायच्या आत काकाजींनी पिशवीतून मूळ वही काढून टेबलावर ठेवली.

अधिकारी बाई होत्या. त्यांनी वही चाळली, पहिल्या पानावरची पट्टी वाचली, मग कात्रण वाचले.

"कोशाच्या या सतरा नोंदी तुमच्याच घराच्या?"

"एकोणीस, मॅडम. पेपरात दुरुस्ती आली हाये."

"तुम्हीच लिहिल्या?"

"हो जी."

"का?"

"मोहाचा लिवतो, कोशाचा सोडतो, त मंग ते नाक कसं झालं?"

बाईंनी विचारले, कोशाचा सर्वात जास्त किती. ते नऊ आणे म्हणाले. मोहाचा? सोळा, तीन वेळा. एकदा सोळाच्या वर वाटला होता, पण सोळाच्या वर पट्टी नाही म्हणून सोळाच लिहिला. लिपिक हसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि तो थांबला.

आदेश नवव्या दिवशी आला. मी त्याची प्रत मिळवून वाचली. पहिल्या परिच्छेदात कारखान्याने सडव्याच्या टाक्या झाकाव्यात, चोथ्याचा खड्डा बुजवावा आणि हे होईपर्यंत आंबवण्याचे काम बंद ठेवावे, असे होते. दुसऱ्या परिच्छेदात कोसे उकडण्याचे काम रहिवासी गल्लीतून काढून वस्तीबाहेर न्यावे, असे होते. दोन्हींच्या मध्ये एक वाक्य होते: तक्रारदाराने स्वतःविरुद्धच्या नोंदीही ठेवल्या असल्याने ही वही विश्वसनीय मानण्यात येते. ते वाक्य मी बातमीत जसेच्या तसे घेतले. माझ्या कोणत्याही मजकुराविषयी असे वाक्य कुणी लिहिलेले नाही.

गल्लीत पेढे वाटले. आमच्या घरीही दिले.

काकींच्या चुलीसाठी ग्रामपंचायतीने बोडीजवळची एक मोकळी जागा दाखवली. काकी तिथे दोनदा गेल्या. गंज, सरपण आणि कोशांची पोती सायकलवर लादून काकाजी पुढे आणि त्या मागे. त्यांचे गुडघे दुखतात. तिसऱ्या महिन्यात गेल्या नाहीत. घरी चूल असली की चार कामे उरकता उरकता कोसे उकडून होतात, तिथे जाऊन रिकामे बसायचे कशाला, असे त्यांनी माझ्या बायकोला सांगितले. काढलेला धागा फाल्गुनापर्यंत पुरला. होळीच्या आदल्या आठवड्यात मागाचा आवाज थांबला. तो आमच्या घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकू येत असे आणि येतो हे मला तो थांबल्यावर कळले.

काकाजी बोडीवर जात राहिले. टाक्या झाकल्यापासून मोह दोन आण्यांच्या वर गेला नाही. बऱ्याच सकाळी 'वास नाही' असे. बायका फाटकाशी यायच्या थांबल्या, कारण खिडक्या आता उघड्याच असत. गल्लीत माझ्याशी बोलणे कमी झाले होते. काकाजींचे कमी झाले नाही. ते नोंद झाल्यावर येत, पेपर मागत, बातमीतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवत आणि जात.

चैत्रात वहीचे शंभरावे पान भरले. शेवटची ओळ अशी आहे: 'सहा सात. वारा उगवतीचा. वास नाही.' त्याच सकाळी त्यांनी वही आमच्या ओट्यावर आणून ठेवली.

"आता साफ प्रत कर," ते म्हणाले. "सगळी. काई सोडू नोको."

नवी वही त्यांनी सुरू केलेली नाही. बांबूवरचा धागा अजून आहे.

साफ प्रत करायला मला सहा दिवस लागले. दोन माणसांनी ताडून पाहिल्याशिवाय प्रत पूर्ण धरत नाहीत, म्हणून माझी बायको मूळ वही वाचत होती आणि मी प्रतीवर बोट फिरवत होतो. मोहाच्या चारशे अकरा नोंदी आहेत. कोशाच्या एकोणीस. चार नोंदींत 'पेपर जाळला, वार्ताहराचे घर' असे आहे. तीन ठिकाणी दोन आणे, एका ठिकाणी तीन. त्या चारही नोंदी सुनावणीच्या आधीच्या पानांवर आहेत आणि तेव्हा मी त्या वाचल्या होत्या. माझ्या बातमीत त्या नव्हत्या.